यापुढची भूमी तुमची

टिफनीने लेझरचा लाल ठिपका नकाशाच्या उजव्या बाजूला नेला. तिथे काहीच नव्हतं. डोंगररांग संपते तिथपासून कागदाच्या कडेपर्यंत सगळं पांढरं.

"ही फाइल करप्ट झालीय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ती तशीच आहे."

"म्हणजे काम अर्धवट राहिलंय?"

"काम पूर्ण आहे. तो भाग मुद्दाम कोरा ठेवलाय."

टिफनीने माझ्याकडे पाहिलं, मग ग्रेगकडे. आमची छोटी कंपनी नुकतीच एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि टिफनी त्यांच्याकडून आमची प्रॉडक्ट हेड म्हणून आली होती. बेलव्ह्यूच्या ऑफिसातला तिचा पहिलाच आठवडा. ग्रेग आमचा एडिटर, गेम सुरू झाला तेव्हापासूनचा. मी नकाशे काढणारी. आधी खऱ्या जागांचे काढायची, मग नसलेल्या जागांचे काढायला लागले.

ज्यांनी असले गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा कॉम्प्युटरवरचा गेम नव्हे. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. हे सगळं ज्या जगात घडतं ते जग आमची कंपनी पुरवायची. त्यातले देश, राजे, देव, राक्षस, रस्ते, बाजार आम्ही पुस्तकांत छापायचो. एकदा छापलं की ते त्या जगात खरं. त्याला धंद्यात कॅनन म्हणतात. एका पुस्तकात नदी दक्षिणेला वाहिली, तर पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती दक्षिणेलाच वाहायला हवी. ते सांभाळणं ग्रेगचं आणि माझं काम.

या जगाचा पूर्वेकडचा मोठा तुकडा मूळ लेखकाने कोरा सोडला होता. त्यावर पहिल्या पुस्तकापासून एकच ओळ छापलेली असायची: 'यापुढची भूमी तुमची.' कंपनी तिथे कधीही काही छापणार नाही, असं ते वचन. खेळणाऱ्यांनी तिथे आपापला मुलूख वसवायचा. किती टेबलांवर किती पूर्वा वसल्या असतील, कुणाला ठाऊक. ऑफिसात आम्ही त्या तुकड्याला 'ब्लँक' म्हणायचो. मूळ लेखक आता हयात नाही.

ग्रेगने हे सगळं टिफनीला सांगितलं. तिने त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही. ती मूर्ख नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

"ओके," ती म्हणाली. "म्हणजे आपल्याकडे एवढी मोठी जागा आहे आणि आपण ती कधी वापरलेलीच नाही."

"ती आपली नाही," ग्रेग म्हणाला.

"लीगली कुणाची आहे?"

ग्रेग पुन्हा नकाशाकडे वळला.

मग मी बोलले. या देशात येण्याआधी मी नागपुरात एका सरकारी कचेरीत शहराचे नकाशे काढायची. आमची वस्ती मंजूर नकाशात पांढरी होती. विहार होता, बालवाडी होती, आमचं घर होतं. शीटवर काही नव्हतं. मी टिफनीला म्हणाले, "नकाशावर पांढरं दिसतं म्हणजे तिथे कुणी राहत नाही असं नसतं. तिथल्या लोकांना कुणी विचारलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

टिफनीने पेन खाली ठेवलं. "हे छान आहे," ती म्हणाली. "मग आपण त्यांना विचारू या."

त्या मीटिंगमधून कॉन्टेस्ट निघाली. खेळणाऱ्यांनी आपापली पूर्व पाठवायची. निवडलेल्या पूर्वांमधून एका अधिकृत पूर्वेचं पुस्तक तयार होणार. कव्हर, नकाशा, चकचकीत कागद. घोषणेत माझं वाक्यही होतं, थोडं फिरवून: 'आता आम्ही तुम्हाला विचारतोय.'

अटींचं पान मी पूर्ण वाचलं. जे पाठवाल ते कायमचं कंपनीचं. नाव छापायची सक्ती नाही. आणि पाठवणाऱ्याने एका चौकटीत टिक करायची की ही निर्मिती सर्वस्वी माझी आहे.

त्यानंतर दोनच दिवसांनी कॅरीहून रोहनचा फोन आला.

रोहन म्हणजे शुभदाचा मुलगा. नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला आम्ही राहायचो तेव्हा शुभदा आमची शेजारीण. ती पुण्याची, मी नागपूरची. इकडे आल्यावर तेवढं अंतर कुणी मोजत नाही. मी तिथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात नकाशांचं काम करायची. रोहन तेव्हा मिडल स्कूलमध्ये. त्यांच्या गराजवरच्या खोलीत शनिवारी दुपारी चार पोरं जमायची: रोहन, मायकेल, आणि सॅम आणि जो हे जुळे भाऊ. एकदा रोहन एक कागद घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, यू मेक मॅप्स, राइट?" त्या पोरांनी आमच्या गेमच्या कोऱ्या भागात आपला मुलूख वसवला होता. नकाशा मात्र त्यांना काढता येत नव्हता.

तेव्हा मला हा गेम माहीतही नव्हता. मी त्यांच्या टेबलाशी बसले आणि विचारत गेले. डोंगर कुठे, पाणी कुठून येतं, मीठ कुठून आणता. त्यांनी एक नदी मध्येच दोन फाटे करून दोन दिशांना सोडली होती. मी म्हणाले, नद्या सहसा फुटत नाहीत, एकमेकींना मिळतात. चौघांनी बाजूला जाऊन चर्चा केली आणि परत येऊन सांगितलं की तिथे दोन बहिणींचं भांडण झालंय, म्हणून फुटते. मी नदी फोडली.

मायकेलने वाळवंटाच्या मधोमध एक दीपगृह काढायला सांगितलं.

"आणि समुद्र?" जोने विचारलं.

"येईल," मायकेल म्हणाला.

त्या वर्षी मायकेलचे वडील घर सोडून गेले होते. हे टेबलाशी सगळ्यांना माहीत होतं. कुणी हसलं नाही. रोहन गेम मास्टर, त्याने फक्त विचारलं, "ओके. दिवा रोज कोण लावतं?"

"मी," मायकेल म्हणाला.

मी दीपगृह काढलं. त्यांच्या मुलखात पुढे नियमच झाला की दीपगृहावर कुणी हल्ला करत नाही आणि दिवा लावणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तो नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तरी मोडला कुणी नाही.

पोरं मोठी झाली, कॉलेजला गेली, परत आली, लग्नं झाली. वर्षातून काही वेळा जमून तोच मुलूख खेळत राहिली. मायकेलने त्यांच्या मुलखाची एक वेबसाइट केली आणि माझा तो नकाशा तिच्यावर लावला. मी तोच नकाशा, चौघांना विचारून, गेमच्या कंपनीला नमुना म्हणून पाठवला होता. त्यावर मला नोकरी मिळाली आणि आम्ही बेलव्ह्यूला आलो.

तर रोहनचा फोन.

"मावशी, कॉन्टेस्ट पाहिली. मी पाठवतोय."

"अटी वाचल्यास का?"

"वाचल्या."

"सगळं त्यांचं होईल, रोहन. कायमचं. नाव छापतीलच असंही नाही. मी आतली आहे, म्हणून सांगते. पाठवू नकोस."

"आय नो, मावशी." तो म्हणाला. रोहन आता फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरपलीकडच्या माणसांशी शांतपणे बोलून त्याला तशीच सवय लागली आहे. "पण त्या जागेवर आजपर्यंत आम्ही चौघंच गेलोय. मी ती इतकी वर्षं चालवतोय. मला कुणीतरी अनोळखी माणूस तिथे गेलेला बघायचाय. पुस्तकात बघायचीय ती जागा. इज दॅट सो बॅड?"

"वाईट नाही. बाकीच्या तिघांना विचारलंस?"

"सॅम आणि जो ओके म्हणतील."

"मायकेल?"

"त्याला सरप्राइज देईन."

"सरप्राइज नको देऊस. विचार त्याला."

"हो, विचारतो," तो म्हणाला. ते मराठीतलं 'विचारतो' होतं. शुभदाने सत्यनारायणाला बोलावलं की लोक 'बघतो' म्हणतात, त्यातलं. मायकेलला त्याने विचारलं नाही. चौकटीत टिक केली आणि पाठवून दिलं.

एंट्र्या पुष्कळ आल्या. बहुतेकांच्या पूर्वा म्हणजे सोन्याचे डोंगर आणि झोपलेले ड्रॅगन. रोहनची फाइल उघडली तेव्हा निवड समितीतले लोक वाचतच बसले. तिथे मिठाचा रस्ता होता, भांडलेल्या बहिणींच्या दोन नद्या होत्या, एका गावातून दुसऱ्या गावाला जाताना काय खायला मिळेल तेसुद्धा होतं. इतकी वर्षं खरोखर खेळलेली जागा होती ती, आणि ते दिसत होतं. टिफनीने तिलाच पुस्तकाचा कणा करायचं ठरवलं.

मी तिच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की या मुलाला मी ओळखते, मूळ नकाशा माझाच आहे, त्यामुळे मला या कामातून वगळा. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात तसं.

"उलट बरं झालं," टिफनी म्हणाली. "तुला प्रदेश आधीच माहीत आहे. वेळ वाचेल."

"मग दोन गोष्टी हव्यात. आत चौघांची नावं छापायची. ही एकाची निर्मिती नाही."

"त्याने टिक केलंय की एकाची आहे."

"ते चुकीचं आहे. मी तिथे होते."

तिने ते टिपून घेतलं. "आणि दुसरी?"

"दीपगृहाला हात लावायचा नाही. जसं आहे तसं."

"बघू," टिफनी म्हणाली.

ग्रेगने माझ्या बाजूने लिहून दिलं. एडिटर म्हणून त्याचा शब्द अजून चालतो असं आम्हा दोघांना वाटत होतं. पुढच्याच महिन्यात ग्रेगचं पद रद्द झालं. त्याने टेबल आवरलं, कप माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "फुटणारी नदी सांभाळ. कुणीतरी ती दुरुस्त करायला जाईल." आणि गेला. खरंच एका नव्या माणसाने ती दुरुस्त करायला घेतली होती. तेवढी मी वाचवली.

निकालाची घोषणा झाल्यावर मायकेलने मला फोन केला. कॅरीतली पोरं मोठ्या बायकांना 'मिस' लावून हाक मारतात. मायकेल आता एअर कंडिशनर दुरुस्तीचा धंदा चालवतो, दाढी पिकायला लागलीय, पण मी अजून मिस वैशालीच.

"मिस वैशाली, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. मी त्याला पाठवू नको म्हणाले होते. तुला विचार, असंही म्हणाले होते."

"त्याने विचारलं नाही."

"कळलं मला."

मागे कुठलंतरी मशीन चालू होतं. तो म्हणाला, "बाकी सगळं घेऊ देत. रोहनने त्यावर सगळ्यांत जास्त काम केलंय, मला मान्य आहे. फक्त दीपगृह काढून टाका. एवढंच मागतोय."

"मी प्रयत्न करते," मी म्हणाले. शब्द दिला नाही. नोकरीत राहून जे हातात नाही त्याचा शब्द देऊ नये, एवढं मला तोवर समजलं होतं.

टिफनीकडे गेले. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पुस्तकाचं कव्हर तयार होतं. वाळवंट, काळं आभाळ, आणि मध्ये दीपगृह. त्याच्या खिडकीत एक म्हातारा, डोळे लाल, हातात साखळी.

"हा कोण?"

"मॅड कीपर. दिवा लावणारा. वेडा होऊन येणाऱ्यांना मारतो. शेवटची मोठी लढाई त्याच्याशी आहे. टेस्टिंगमध्ये लोकांना फार आवडला."

"टिफनी, तो माणूस कुणालाही मारत नाही. त्याला कुणी काही विचारत नाही. बस, एवढीच ती जागा आहे."

"मग तिथे खेळणाऱ्याने करायचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण तिला पटेल असं नव्हतं. तिथे काही करायचं नसतं. त्या चौघांच्या टेबलावर लोक तिथे पोचले की पात्रं पाणी भरून घ्यायची आणि पुढे निघायची.

"ज्याने ते बनवलं तो काढून टाका म्हणतोय," मी म्हणाले.

"ज्याने पाठवलं त्याने तसं म्हटलेलं नाही. आणि कव्हर छपाईला गेलंय, वैशाली. तुला वाईट वाटतंय, ते मला दिसतं. पण हे पुस्तक चाललं नाही तर या मजल्यावरचे निम्मे लोक जातील. मला तेही बघायचंय."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

मी नकाशा पूर्ण केला आणि दीपगृहाचं चिन्ह न टाकता दिला. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली, 'एक चिन्ह राहिलंय' असा शेरा मारून. मी लिहिलं, राहिलेलं नाही, मी ते टाकणार नाही. कुणी रागावलं नाही. बाहेरच्या एका आर्टिस्टकडून त्यांनी ते टाकून घेतलं. त्याने ते वाळवंटात न टाकता नदीकाठच्या टेकडीवर टाकलं, कारण तिथे छान दिसत होतं.

पुस्तक आलं. कोऱ्या भागावरची जुनी ओळ अर्थातच गेली. आतल्या पानावर 'आमच्या कम्युनिटीचे मनःपूर्वक आभार' असं छापलं होतं. नाव एकाचंही नव्हतं. रोहनचंही नाही.

कॅरीतल्या एका गेमच्या दुकानात रोहनने छोटा कार्यक्रम ठेवला. शुभदाने बटाटेवडे केले. सॅम आणि जो आले, लवकर निघून गेले. मायकेल आला नाही. दुकानातल्या मोठ्या टेबलावर पाचसहा अनोळखी पोरं नवं पुस्तक उघडून खेळायला बसली. रोहन मागे उभा राहून बघत होता. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. पोरं मिठाच्या रस्त्यावर थांबली नाहीत, नद्यांपाशी थांबली नाहीत. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सरळ दीपगृहात घुसली आणि दिवा लावणाऱ्याला मारून टाकलं. टाळ्या वाजल्या.

"देन दे पॅक्ड अप," रोहन म्हणाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण थोड्याच दिवसांत मायकेलच्या वेबसाइटला कंपनीची नोटीस गेली. त्या साइटवर कंपनीच्या मालकीचा मजकूर आणि नकाशा आहे, तो उतरवावा. ही नोटीस कुणी माणसाने पाठवली नव्हती. नवं पुस्तक निघालं की इंटरनेटवर सारखा मजकूर शोधून नोटीस पाठवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याने त्याचं काम केलं. मायकेलने उत्तरही दिलं नाही. साइट बंद करून टाकली. मी त्या पोरांच्या टेबलाशी बसून काढलेला नकाशा त्यावर होता.

शुभदाचा फोन आला.

"वैशाली, तुझ्या कंपनीने माझ्या मुलाचे मित्र तोडले."

"शुभदा, मी त्याला नको म्हणाले होते."

"अगं, तू मावशी आहेस त्याची. नुसतं नको म्हणून काय होतं? मला फोन करायचास. मायकेलला करायचास."

"तो काय लहान आहे का आता?"

"या बाबतीत लहानच आहे तो," शुभदा म्हणाली. "ती खोली मी अजून तशीच ठेवलीय. शनिवारी कुणी येत नाही." मग तिने नेहमीसारखं तब्येतीचं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि आम्ही फोन ठेवला. त्यानंतर दिवाळीच्या शुभेच्छा मेसेजवर येतात.

पुस्तक बेताचंच खपलं. ज्यांच्या स्वतःच्या पूर्वा होत्या त्यांनी ते घेतलं नाही, आणि नव्यांना एका पुस्तकात जेवढं खेळायचं तेवढं खेळून झालं. पुढचा भाग रद्द झाला. मजल्यावरचे निम्मे लोक गेलेच. मीही त्यांत होते. टिफनी आमच्याही आधी गेली. दुसऱ्या कंपनीत तिला वरची जागा मिळाली. जाताना तिने मला चांगलं शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की मी तपशिलाला जपणारी आहे. मी आता पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनींचे नकाशे करते. पाइपांना गोष्ट नसते, ते बरं आहे.

शेवटचा प्रयत्न चौघांनी केला. कल्पना रोहनची. तो मायकेलच्या घरी गेला, दारातच माफी मागितली. मायकेलने त्याला आत बोलावलं नाही, पण कंपनीला द्यायच्या अर्जावर सही केली. सॅम आणि जो यांनीही केली. अर्जात लिहिलं होतं की हा मुलूख आम्ही चौघांनी लहानपणापासून मिळून बनवला, एकाने बाकीच्यांना न विचारता दिला, कंपनी तो आता वापरतही नाही, तर तो आम्हाला परत द्यावा, निदान स्वतःच्या साइटवर ठेवू द्यावा. मी साक्षीदार म्हणून माझा जबाब जोडला.

उत्तर विनम्र होतं. तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. हक्क हस्तांतरित झाले आहेत. सध्या या मालमत्तेबाबत कोणतीही योजना नाही.

चौघं आता खेळत नाहीत. रोहन आणि मायकेल रस्त्यात भेटले तर बोलतात, असं रोहन म्हणतो. मुलूख कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि तिथे कुणी जात नाही.

मला या कामातून एकच गोष्ट शिकायला मिळाली. चौघांनी मिळून केलेली वस्तू द्यायला एकाची टिक पुरते. परत घ्यायला चौघांच्या सह्या पुरत नाहीत.